नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी एफपीएस वाढेना, आणि प्रत्येक वादळानंतर पुन्हा कमी: कारण सापडलं ते लिहितोय

मे महिन्याच्या शेवटी पीसीत आरटीएक्स ४०६० टाकलं आणि पुढचे दोन-अडीच महिने एकाच प्रॉब्लेमच्या मागे होतो. प्रॉब्लेम जायचा, आठ-दहा दिवस सगळं मस्त चालायचं, आणि परत यायचा. आता कारण नक्की कळलंय म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण कोकणपट्टीत माझ्यासारखे सेटअप बरेच आहेत, पाऊस आणि करंटचे हाल पण सगळ्यांचे सारखेच, आणि अशा वेळी दुकानात विचारलं की सरळ नवीन पीसी घ्यायला सांगतात. मला पण पणजीतल्या एका दुकानात केस न उघडताच तेच सांगितलं होतं.

आधी सेटअप सांगतो. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, एसएसडी, १०८० पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. २०१९ मध्ये घेतलेला पीसी, तेव्हा त्यात जीटीएक्स १६५० होतं. घर फोंड्याजवळ, मार्दोळच्या बाजूला. घर कुठे ते मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध येतो.

कार्ड बदलल्यावर पहिला आनंद दोन तासच टिकला. सायबरपंक २०७७ या गेममध्ये शहराबाहेर रिकाम्या रस्त्यावर ८०-८५ एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा), आणि जपानटाउनच्या बाजारात गर्दीत शिरलो की ५०-५१, वर मधेमधे असे झटके की माउस हातात अडकल्यासारखा वाटतो. जुन्या कार्डावर तिथे ३८-४० मिळायचे, म्हणजे एवढे पैसे घालून दहा फ्रेम वाढल्या. ओव्हरलेत (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) जीपीयू युसेज, म्हणजे ग्राफिक्स कार्ड किती राबतंय ते, ५६-५८ टक्के. म्हापशाच्या मित्राला फोन केला तर तो लगेच म्हणाला, "पात्रांव, प्रोसेसर बदल मरे, आनी कितें?" तो अर्धा बरोबर निघाला, पण उरलेलं अर्धं समजायला जुलै संपला.

सुरुवातीला मी पण सगळे जिथे फसतात तिथेच फसलो. टास्क मॅनेजर उघडला, सीपीयू ६० टक्के. म्हटलं प्रोसेसर तर चाळीस टक्के रिकामा आहे, मग तो कसा अडवेल? पण २६०० ला सहा कोर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, आणि तो ६० चा आकडा बाराही थ्रेडची सरासरी असतो. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण युसेजमध्ये त्याचे जेमतेम सव्वाआठ टक्के दिसतात. चवथीला आमच्या घरी नेवऱ्या करायला बारा जणी बसतात, पण लाटणारी एकच असली आणि ती दमली की बाकीच्या सारण घेऊन बसून राहतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की एवढी माणसं रिकामी आहेत. गेममध्ये पण बऱ्याचदा एक मुख्य थ्रेड असतो, ग्राफिक्स कार्डाला पुढच्या फ्रेमचं काम तयार करून देणारा, तो अडला की कार्ड वाट बघत बसतं. त्यामुळे एकूण टक्केवारी बघू नका. टास्क मॅनेजरच्या सीपीयू ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनरच्या ओव्हरलेत प्रत्येक थ्रेड वेगळा लावा. त्यातही लक्षात ठेवा की विंडोज कामं एका कोरवरून दुसऱ्यावर हलवत असतं, म्हणून एकच थ्रेड कायम १०० वर दिसेलच असं नाही, माझ्याकडे दोन-तीन थ्रेड आलटूनपालटून ९० च्या वर जात होते.

खोटी कारणं आधी बाजूला काढायला पाहिजेत, ती पटकन सांगतो. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) किंवा गेममधली फ्रेम लिमिट चालू असेल तर जीपीयू युसेज कमी दिसणारच, तो बॉटलनेक (एका भागामुळे बाकीचे अडणं) नाही, तुम्हीच ब्रेक दाबून ठेवलाय. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लागली असेल तर कार्डाचा उपयोग होत नाही, पण २६०० मध्ये ग्राफिक्सच नाही त्यामुळे तसं असतं तर माझा स्क्रीन काळाच राहिला असता, म्हणजे तो प्रश्न मिटला. जीपीयू-झेड उघडून बस इंटरफेस (कार्ड बोर्डाशी किती वाटांनी, म्हणजे लेननी, जोडलंय ते) बघा, ४०६० मुळातच आठ लेनचं कार्ड आहे आणि बी४५० वर पीसीआयई ३ मिळतं, म्हणून तिथे लोड असताना x८ ३.० दिसलं तर घाबरू नका, x४ दिसलं तर मात्र कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) साफ करून नवीन टाकला, काही फरक नाही. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा आहे, कार्ड ११५ वॅटचं, तिथे पण काही नाही.

मग खरी टेस्ट केली, आणि ती करायला एक रुपया लागत नाही. गेममध्ये एक सेव्ह ठरवा, एकच जागा, एकच रस्ता, दर वेळी तिथूनच एक मिनिट चालायचं. आता फक्त रिझोल्युशन बदलत जा. माझे आकडे असे आले: १०८० पी नेटिव्हला ५१, डीएलएसएस परफॉर्मन्सवर (कार्ड कमी रिझोल्युशनवर चित्र काढून ते मोठं करतं) ५२, ७२० पी वर ५२. म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलं तरी फ्रेम वाढत नाहीत. काम कार्डाकडे अडलं असतं तर ७२० पी ला आकडा उडाला असता. उलट बाजूने पण बघितलं, डीएलडीएसआर लावून रिझोल्युशन वाढवलं तर एफपीएस जवळजवळ तेवढेच आणि जीपीयू युसेज मात्र वर चढलं. इथे शंका राहत नाही, अडथळा प्रोसेसरच्या बाजूला आहे. "प्रोसेसरच्या बाजूला" असं मुद्दाम म्हणतोय, कारण त्या बाजूला प्रोसेसर एकटा नसतो, रॅम पण असते, आणि माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली होती.

ज्यांना अजून खात्री पाहिजे त्यांनी इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरावं, फुकट आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात जीपीयू बिझी नावाचा आकडा दिसतो, म्हणजे एका फ्रेममध्ये कार्ड खरोखर किती मिलिसेकंद राबलं. माझ्याकडे एक फ्रेम पुरी व्हायला १९.६ मिलिसेकंद लागत होते आणि त्यातले कार्डाचे फक्त ११. उरलेले साडेआठ कार्ड नुसतं थांबलेलं. याचा अर्थ असा पण होतो की प्रोसेसरने वेळेत काम दिलं तर हेच कार्ड त्याच जागी ९० च्या आसपास जाऊ शकतं. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला, आणि शेवटी तो खूप कामी आला.

यानंतर रॅम बघितली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं, स्पीड २१३३. स्टिक ३२०० च्या आहेत! बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) गेलो, एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, बंद. (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, गोष्ट तीच.) चालू केलं, सेव्ह केलं, त्याच सेव्हवर तोच रस्ता, ६४ एफपीएस. झटके पण खूप कमी. रायझनच्या या जुन्या पिढ्यांमध्ये प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या इन्फिनिटी फॅब्रिकमधून बोलतात त्याचा स्पीड रॅमच्या स्पीडशी बांधलेला असतो, रॅम २१३३ वर आली की तो पण खाली येतो, म्हणून फरक एवढा मोठा दिसतो. मला वाटलं मिटलं सगळं, मागे कधीतरी आपणच बंद केलं असेल.

दहा दिवसांनी परत ५०. परत झटके.

इथून पुढे माझे बरेच दिवस वाया गेले, कारण रॅम तर मी दुरुस्त केली आहे असं डोक्यात पक्कं बसलं होतं म्हणून परत तिथे बघितलंच नाही. गरमीचा संशय घेतला. जूनची सुरुवात, हवेत इतका दमटपणा की भिंतींना पाणी सुटतं, आणि केस उघडली तर कूलरच्या पात्यांमध्ये तांबडी धूळ घट्ट बसलेली, आमच्याकडे उन्हाळाभर उडते ती. ब्रशने काढली, जुनी पेस्ट पुसून नवीन लावली. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान ७८ वरून ७० वर आलं, चांगलंच झालं, पण क्लॉक आधी पण ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास होता आणि नंतर पण तेवढाच, एफपीएस जिथल्या तिथे. तुमच्याकडे मात्र लोडमध्ये क्लॉक खाली पडताना दिसत असेल, किंवा थर्मल थ्रॉटलिंगच्या पुढे येस येत असेल, तर तुमचं कारण तिथेच आहे, पुढचं वाचायच्या आधी कूलर साफ करा. मी विंडोज अपडेट काढून बघितलं, ड्रायव्हर मागे नेला, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करून बघितली (थोडा फरक पडतो, पण सिक्युरिटीची गोष्ट आहे म्हणून परत चालू केली). शेवटी वैतागून पहिल्यापासून सगळं तपासायला घेतलं आणि रॅम बघितली, परत २१३३.

एक्सएमपी आपोआप बंद का होतं याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे बोर्डाला त्या स्पीडवर रॅम चालवता येत नाही, सुरू होताना दोन-तीनदा प्रयत्न करून तो स्वतःच सेफ सेटिंगवर येतो. दुसरं म्हणजे बायोसची सगळीच सेटिंग पुसली जातात. दोन्हीतला फरक ओळखायचा कसा? पहिल्या प्रकारात फक्त रॅम खाली येते, तारीख-वेळ बरोबर असते. दुसऱ्यात फॅनचं सेटिंग, बूट ऑर्डर, तारीख सगळं जातं. मी बायोसमध्ये फॅनचा कर्व्ह स्वतः लावलेला होता, जाऊन बघितलं तर तो पण गेलेला. तेव्हा आठवलं की दोन-तीनदा सकाळी पीसी लावल्यावर ब्राउझर कुरकुर करत होता की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय, साइट उघडत नाही, आणि दोन मिनिटांनी आपोआप उघडायला लागायची. विंडोज इंटरनेटवरून वेळ बरोबर करून घेतं ना, मग पुरावाच गायब होतो. मी ते नेटच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

आणि ते दिवस आठवले तेव्हा सगळं जुळलं. त्या प्रत्येक वेळी आदल्या रात्री गडगडाट होता. आमच्या घरी वीज कडाडायला लागली की आई टीव्ही, फ्रिज, पीसी सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढते, स्विच बंद करून तिचं समाधान होत नाही, आणि ती बरोबरच करते, मागे एकदा शेजाऱ्यांचा टीव्ही असाच गेला होता. शिवाय करंट गेला तर आमच्याकडे कधीकधी रात्रभर येत नाही, इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे आहेत. पीसी बंद असला तरी प्लग लावलेला आणि करंट असेल तोपर्यंत पॉवर सप्लाय बोर्डाला थोडी स्टँडबाय वीज देत राहतो, त्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतात. प्लग काढला की सगळा भार बोर्डावरच्या गोल सेलवर, सीआर२०३२. तो सेल मेलेला असेल तर रोजच्या वापरात कळतच नाही, रात्रभर प्लग बाहेर राहिला की सकाळी बोर्ड कोरा.

खात्री करायची सोपी पद्धत: रात्री पीसी बंद करून प्लग काढा, सकाळी लावा, आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी थेट बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. माझी काही वर्षं मागे गेलेली. काही बोर्ड सुरू होताना सीमॉस चेकसम एरर दाखवून एफ१ दाबायला सांगतात, माझ्या बोर्डावर ते काही आलं नाही, म्हणून मेसेज येत नाही म्हणजे सेल चांगला असं धरू नका.

सेल बदलायला गेलो तर तो दिसेचना. या बोर्डावर तो पहिल्या स्लॉटच्या बरोबर खाली आहे, आणि जुनं छोटं कार्ड होतं तेव्हा जरा तरी दिसायचा, आता दोन पंख्यांच्या कार्डाखाली पूर्ण झाकला गेलाय. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाते, कार्डाची पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा आणि स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबूनच कार्ड वर उचला, ती न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. सेलच्या बाजूची पत्ती नखाने बाजूला केली की तो स्वतः वर उडी मारतो. माझ्या सेलच्या कडेला हिरवट डाग होते, मल्टीमीटरवर २.३ व्होल्ट. नवीन सेल तीनच्या जरा वर दाखवतो. फोंड्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे पन्नास रुपयांच्या आत मिळाला. अधिकची बाजू वर, कोरड्या बोटांनी बसवायचा. आणि हो, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर या सगळ्याच्या आधी रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, बायोस कोरा झाला की ती मागितली जाऊ शकते.

मग जुन्या कार्डावर हे कधी का जाणवलं नाही? माझ्या मते हा अख्ख्या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. १६५० असताना कार्डच ९९ टक्क्यांवर धापा टाकत होतं, प्रोसेसर त्याच्यासाठी थांबायचा. तेव्हा रॅम २१३३ वर असो की ३२०० वर, स्क्रीनवर तेच चाळीस. सेल कदाचित गेल्या पावसाळ्यापासूनच गेलेला असेल. नवीन कार्ड आल्यावर अडथळा कार्डाकडून प्रोसेसरकडे सरकला आणि त्या बाजूची प्रत्येक कमतरता उघडी पडली. म्हणून कार्ड बदलल्यावर नवीन प्रॉब्लेम आला असं वाटतं तेव्हा तो कार्डाने आणलेलाच असेल असं नाही.

सेलनंतर दोन आठवडे रोज तपासलं. दोनदा रात्रभर करंट नव्हता, तारीख बरोबर, रॅम ३२००, बाजारात ६४. पण ६४ म्हणजे एका फ्रेमला साडेपंधरा मिलिसेकंद, आणि कार्डाला लागतात ११. जीपीयू युसेज ७० टक्के. म्हणजे उरलेला बॉटलनेक खरा होता, म्हापशाचा मित्र इथे बरोबर.

ज्यांना इथे लगेच पैसे घालायचे नाहीत त्यांनी प्रोसेसरवर भार टाकणारी सेटिंग कमी करावी: गर्दीची घनता, दूरवरचं किती दिसतं ते अंतर, आणि रे ट्रेसिंग, कारण त्याचं काम फक्त कार्डावर नसतं, प्रोसेसरवर पण पडतं. टेक्स्चर कमी करून काही मिळत नाही, ते व्हीरॅमचं (कार्डावरच्या मेमरीचं) काम. माझ्याकडे क्राउड डेन्सिटी हायवरून लो केली आणि ६४ चे ७३ झाले. रिवाट्यूनरने ६० वर लिमिट लावली तर झटके जवळजवळ गेले, सरासरीपेक्षा फ्रेम एकसारख्या अंतराने येणं डोळ्यांना जास्त कळतं. ४० सिरीजमधलं फ्रेम जनरेशन प्रोसेसरला न विचारता मधल्या फ्रेम बनवतं, त्यामुळे आकडा वाढतो, पण माउसचा प्रतिसाद वाढत नाही, आणि खालचा पाया ५० चा असेल तर हाताला जड लागतं. काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मी शेवटी त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० टाकला. कोर तेवढेच सहा, पण २६०० मध्ये १६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) दोन भागांत वाटलेली आहे आणि ५६०० मध्ये ३२ एमबी सगळ्या कोरना एकत्र मिळते, गेमना त्याचा खूप फायदा होतो. यात धोक्याची पायरी एकच, बायोस अपडेट. तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचा, बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये आपला नवीन प्रोसेसर कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते बघून. आणि मधेच करंट गेला तर बोर्ड मरू शकतो. मी मित्राचा यूपीएस आणला, आकाश मोकळं असलेल्या दिवशी सकाळी केला, पाच मिनिटं तिथून हललो नाही. अपडेटनंतर बायोस परत कोरा होतो, एक्सएमपी परत चालू करावं लागतं, यावेळी मी ते सगळ्यात आधी केलं.

तोच सेव्ह, तोच बाजार, क्राउड डेन्सिटी परत हाय: ८७ एफपीएस, जीपीयू युसेज ९७. वहीतल्या ११ मिलिसेकंदांवरून जो अंदाज काढला होता त्याच्या अगदी जवळ. सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा आकडा सुरुवातीला ३८ होता, सेलनंतर ४९, आता ६८.

जुना २६०० मावसभावाच्या पीसीत जाणार आहे, चवथीला तो डिचोलीहून येईल तेव्हा. त्याचा बोर्ड पण २०१९ चाच आहे, त्याच्यासाठी एक सेल आधीच आणून ठेवलाय.